मुक्काम हलला

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक दगडी तुळशीवृंदावन होतं. चौकोनी, चारी बाजूंना पणत्यांचे कोनाडे असलेलं. १९७३च्या डिसेंबरात अमेरिकेहून आलेल्या काकांनी त्याचं थिएटर केलं. आम्हा पोरांना पाटांवर ओळीने बसवलं आणि बजावलं, "मी 'फिरा' म्हटलं की आपापला पाट उचलायचा आणि पुढच्या बाजूला जाऊन बसायचं. नाटक जागचं हलणार नाही. हलायचं ते तुम्ही."

पहिल्या कोनाड्यात कंदील ठेवला होता. तिथे काका एका अमेरिकन घरातला बाप झाले. १९व्या शतकाची अखेर, घरात बर्फाची पेटी, बायकोकडे हाताने फिरवायचं धुण्याचं यंत्र, यापेक्षा सुखाचा काळ तो कुठला! "फिरा!" दुसऱ्या बाजूला विजेचा दिवा, एकदम फार उपकरणं लावल्याने उडालेला फ्यूज, आणि न्हाणीत बसून बर्फाच्या लादीवरून येणारा पंख्याचा वारा खाणारा एक मामा. त्यासाठी माजघरातलं तांब्याचं घंगाळ बाहेर आलं होतं आणि काका खरोखर त्यात बसले. "फिरा!" तिसऱ्या बाजूला भांडी घासणारं यंत्र आणि टेलिव्हिजन. मुंबईत दूरदर्शन येऊन वर्षच झालं होतं, आमच्यापैकी कुणीही टीव्ही पाहिला नव्हता. तेव्हा ती बाजू आम्ही तोंडाचा आ करून ऐकली. "फिरा!"

चौथ्या बाजूचा कोनाडा रिकामा होता. काका तिथे दोन्ही हात पसरून नुसते उभे राहिले. "इथे उद्या," म्हणाले.

ओसरीवर आजी तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "म्हणजे प्रदक्षिणाच की रे. देव जागेवर, माणसं भोवती."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसले. "आई, नऊ वर्षं मी हे लोकांना समजावून सांगतोय. इतकं नेमकं कुणी म्हटलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "बंद झाला गं तो खेळ. सप्टेंबरात."

तो खेळ काकांनी पहिल्यांदा पाहिला १९६४च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग मेडोजच्या मैदानावर भरलेल्या जागतिक मेळ्यात. शिकायला जाऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. मेळ्याचं तिकीट दोन डॉलर. डॉलर तेव्हा पावणेपाच रुपयांचा, म्हणजे साडेनऊ रुपये नुसते आत शिरायला! फाटकाशी उभं राहून त्यांनी तो हिशेब तीनदा केला होता. त्या रात्री त्यांनी आजीला लिहिलेलं निळं एअरोग्राम अजून माझ्याकडे आहे. कडेच्या पट्टीवरसुद्धा अक्षर भरलेलं आहे. त्यात एक आकृती आहे. मधे एक वर्तुळ, चार तुकड्यांत विभागलेलं, आणि त्याभोवती सहा घरांचं कडं.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा तो मंडप होता, 'प्रोग्रेसलँड' नावाचा, आणि आतला खेळ वॉल्ट डिस्नेंच्या कारागिरांनी बसवलेला. नाव 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस'. मधले रंगमंच पक्के, आणि प्रेक्षकांचं सहा कप्प्यांचं कडं चाकांवर, रुळांवरून त्यांच्याभोवती सरकणारं. एका कप्प्यात लोक आत येत, एकातून बाहेर पडत आणि उरलेल्या चार कप्प्यांसमोर एकाच वेळी चार काळ चालू असत. काका मेकॅनिकलचे विद्यार्थी. त्यांना सगळ्यात आधी दिसली ती ही युक्ती. रांग तुंबत नाही, प्रयोग थांबत नाही, नट दमत नाहीत. कारण नट माणसं नव्हतेच. चुंबकीय फितीवर नोंदवलेल्या इशाऱ्यांनी हात हलवणारे, मान वळवणारे, बोलणारे पुतळे होते. पत्रात काकांनी त्यांना 'कळसूत्री माणसं' म्हटलं आहे, आणि पुढे लिहिलं आहे की पायाशी बसलेला कुत्रासुद्धा कळसूत्री आहे. दोन प्रवेशांच्या मधे, कडं सरकत असताना, शर्मन बंधूंनी रचलेलं एक गाणं वाजे. येणारा दिवस किती मोठा नि किती सुंदर असेल, अशा आशयाचं.

त्याच पत्रात एक वाक्य असं आहे की काकांनी निघण्यापूर्वी मुंबईत पाहिलेलं शेवटचं नाटक त्यांना तिथे अंधारात आठवलं. ते नाटक म्हणजे अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'. १९६२ साली आलेल्या त्या नाटकात फिरता रंगमंच होता आणि प्रभाकर पणशीकर एकाच माणसाची पाच रूपं उभी करत. रंगमंच फिरला की लखोबा लोखंडे दुसराच कुणी होऊन समोर येई. काकांनी लिहिलं होतं, "तिथे रंगमंच फिरला आणि माणूस बदलला. इथे आम्ही फिरतो, काळ बदलतो, आणि बाप मात्र तोच." मला हे वाक्य फार आवडतं. परदेशात एकट्या पडलेल्या पंचविशीतल्या मुलाला खुर्ची सरकताना आपलं थिएटर आठवलं, यात त्याची सगळी ओढ आली.

आजीने त्या पत्राला उत्तर धाडलं होतं. तेही काकांनी जपून ठेवलं. त्यात ती म्हणते की तुझ्या नाटकातला पहिला प्रवेश आमच्याच घरचा दिसतो, फक्त आमच्याकडे बर्फाची पेटी नाही. ती हे कौतुकाने लिहीत नव्हती नि तक्रारीनेही नाही. अमेरिकेने आजोबा-पणजोबांची गोष्ट म्हणून मांडलेलं घर १९६४ साली पुण्यात रोज पहाटे बंब पेटवून जागं होत होतं.

मेळा दोन हंगाम चालला आणि ऑक्टोबर १९६५मध्ये उठला. बहुतेक मंडप पाडले गेले. हा खेळ मात्र उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला, डिस्नेलँडमध्ये नेला. २ जुलै १९६७ला तो तिथे सुरू झाला. डिस्ने स्वतः डिसेंबर १९६६मध्येच गेले होते, ते ही वास्तू पाहू शकले नाहीत. इथे घर दुमजली होतं. शेवटचा प्रवेश संपला की प्रेक्षक वरच्या मजल्यावर जात आणि तिथे भविष्यातल्या एका शहराची अवाढव्य प्रतिकृती पसरलेली असे, दिव्यांनी लखलखणारी.

काकांना पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसजवळ नोकरी लागली. काकू आल्या, मुलगा झाला. पुण्या-मुंबईहून जो कुणी येई त्याला ते अनाहाइमला नेत आणि शेजारी बसून कानात मराठीत सगळं सांगत. खेळ आपल्या मागोमाग आला, असं त्यांना मनापासून वाटे. नव्या मुलखात ओळखीचं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मग ९ सप्टेंबर १९७३ला तो बंद झाला. काका ऑक्टोबरात गेले तर दाराला साखळी. कारण साधं होतं. डिस्नेलँडला येणारे बरेचसे लोक आसपासचेच, पुन्हापुन्हा येणारे. त्यांनी खेळ पाहिलेला होता, गर्दी उतरली होती, आणि खेळाचा खर्च उचलणाऱ्या कंपनीला आता नवे डोळे हवे होते. फ्लोरिडात डिस्नेंचं दुसरं उद्यान १९७१पासून चालू होतं. खेळ तिकडे न्यायचं ठरलं.

हे ऐकल्यावर आजी म्हणाली, "बंद कुठे झाला? मुक्काम हलला म्हण."

आणि तिने तिची गोष्ट सांगितली. ती मी आयुष्यात बऱ्याचदा ऐकली, पण पहिल्यांदा त्या संध्याकाळी. आजीचं माहेर मिरजेचं. ती नऊ-दहा वर्षांची असताना गंधर्व नाटक मंडळींचा तिथे मुक्काम पडला होता. मुक्काम म्हणजे सगळं बिऱ्हाडच. नट, साजिंदे, आचारी, पडदे रंगवणारे, ट्रंकाच ट्रंका. गावाचं वळणच बदललं. रात्री नाटक सुटलं की बायका बालगंधर्वांच्या शालूचा काठ कसा होता यावर विहिरीपाशी दोन दिवस बोलत. मग उत्पन्न उतरायला लागलं. ज्यांना पाहायचं त्यांचं पाहून झालं होतं. एका पहाटे बैलगाड्यांची रांग स्टेशनाकडे गेली. शाळा चुकवून आजी आणि तिच्या मैत्रिणी त्या रिकाम्या थिएटरात शिरल्या. "फळ्या, खिळे, नि अत्तराचा वास," आजी सांगे. "एवढं मोठं राजवाड्याचं दृश्य होतं ते, त्याच्या मागे चुन्याची भिंत होती. आधी रडू आलं. मग फळीच्या फटीत एक टिकली चमकली, जरीच्या पोलक्याची. ती मी आणली." टिकली तिच्या फणेरपेटीत असायची. तिने आम्हाला ती दाखवली, हात मात्र लावू दिला नाही.

"कंपनी परत आली का गं?" मी विचारलं.

"आली की. चार वर्षांनी. पण तोवर मी इथे आले होते, या घरात."

काकांनी तेव्हा काहीच म्हटलं नाही. त्यांचं स्वतःचं जाणं आणि आजीचं हे येणं, दोन्ही एकाच ओसरीवर बसलं होतं.

१५ जानेवारी १९७५ला खेळ फ्लोरिडात, मॅजिक किंगडममध्ये, पुन्हा उघडला. आता एकमजली गोल घर, बापाला नवा आवाज, नवं गाणं. गाणं बदलण्याचं कारण मला विलक्षण वाटतं. सुंदर उद्याची वाट बघणारा माणूस फ्रिज आज कशाला घेईल? कंपनीला लोकांनी आज खूश असायला हवं होतं. म्हणून शर्मन बंधूंनीच दुसरं गाणं लिहिलं, आत्ताचा काळ हाच उत्तम, असं सांगणारं. काकांनी हे कुठेतरी वाचलं आणि त्यांचं मन उतरलं. पुढची वीस वर्षं ते फ्लोरिडाला गेले नाहीत.

अनाहाइमचं गोल घर जागेवरच राहिलं. त्यात प्राणी-पक्ष्यांच्या पुतळ्यांचा गाण्यांचा खेळ १९८८पर्यंत चालला, आणि मग त्यातले बरेच पुतळे त्याच उद्यानातल्या पाण्याच्या घसरगुंडीच्या सफरीत कामाला लागले. इकडे फ्लोरिडात १९८५ला जनरल इलेक्ट्रिकने हात काढून घेतला तरी खेळ चालू राहिला. पण दर काही वर्षांनी त्याच्या एकाच भागाला हात लावावा लागे. शेवटच्या. कंदिलाचं घर, पंख्याचं घर, पहिल्या टीव्हीचं घर, या तिघांना फारसा धक्का लागला नाही. उद्याचं घर मात्र सारखं शिळं व्हायचं. भिंतीचा रंग, आजीचे कपडे, स्वयंपाकघरातलं यंत्र, सगळं पुन्हा मांडायचं.

काकांच्या अंगणातल्या प्रयोगाचंही असंच होत गेलं, हे मला फार उशिरा उमगलं. दर चार-पाच वर्षांनी ते येत, घरात नवी पोरं असत, पाट मांडले जात. पहिल्या तीन कोनाड्यांचं एक अक्षर बदललं नाही, घंगाळासकट. चौथ्या कोनाड्यात ते एकदा खिशातला कॅल्क्युलेटर ठेवत, एकदा रिमोट. रिकामा कोनाडा फक्त आम्ही पाहिला. १९८४ला आजी गेली. १९९१ला वाडा बिल्डरला दिला. वृंदावन आम्ही मागून घेतलं, पण पायथ्याचा दगड उचलताना दुभंगला. आता तुळस गच्चीवर कुंडीत आहे.

१९९८ला चुलतभावाने आम्हा सगळ्यांना फ्लोरिडाला नेलं. काका साठीचे, मांडीवर तीन वर्षांचा नातू. १९९४मध्ये खेळाची मोठी डागडुजी झाली होती आणि जुनं गाणं परत आलं होतं. ते सुरू होताच काकांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत मी तो खेळ वृंदावनाभोवतीच पाहिला होता, त्यामुळे कडं खरोखर सरकलं तेव्हा मला पायाखाली पाट नाही याचंच नवल वाटलं. न्हाणीतला मामा आला, नातू खिदळला. बाप बोलत होता, पण काका थोडे ऐकल्यासारखे, थोडे शोधल्यासारखे बसले होते. "हा आवाज तो नाही," कुजबुजले.

शेवटचा प्रवेश नाताळचा. आजी डोळ्यांवर यंत्र चढवून नातवाशी खेळ खेळतेय, माणसाचं बोलणं ऐकून चालणारी भट्टी भलतंच ऐकून टर्की जाळतेय. कडेला बसलेला आजोबा आपल्या काळाबद्दल काहीतरी बोलला आणि काका एकदम ताठ झाले. "अगं, हा तो. हा बाप. न्यूयॉर्कचा."

खरंच होतं ते. न्यूयॉर्कला आणि अनाहाइमला बापाचा आवाज रेक्स अ‍ॅलन या गाणाऱ्या काउबॉय नटाचा होता. १९९४ला त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी आजोबासाठी. तीस वर्षांनी त्याच घरात तोच आवाज कडेच्या खुर्चीत जाऊन बसला होता.

दिवे लागले. लोक उठले, दारं उघडली, चुलतभाऊ मुलाला घ्यायला पुढे झाला. काका उठले नाहीत. कामावरची मुलगी जवळ आली तेव्हा त्यांनी तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती हसली आणि पुढे गेली. दारं मिटली, अंधार झाला. रिकाम्या कप्प्यात आम्ही तिघं.

"घट्ट धर," काकांनी नातवाचे दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले. "आता फिरेल बघ."