मामा तलावांतील जलप्रवाह

गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलाव, अर्थात मामा तलाव, मुख्यतः कोहळी समाजाने गोंडराजांच्या आश्रयाने भातशेतीच्या सिंचनासाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले.

या तलावांतील पाणी वर्षभर सारखे वाहत नाही आणि तेथील जीवसृष्टी या बदलावरच तगून आहे. पावसाळ्यात ओढ्यांतून येणाऱ्या वेगवान पाण्याच्या विरुद्ध दिशेने अनेक देशी मासे चढतात व उथळ काठाशी अंडी घालतात. पाणवनस्पतींमधील संथ पाणी पिलांना आसरा देते. पातळी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलात पाणपक्षी चरतात. पाणी येण्याच्या वाटा बुजल्या किंवा बेशरम वनस्पतीने काठ व्यापला, की हा क्रम खंडित होतो. त्याची पहिली झळ मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाला बसते. निव्वळ खोलीकरणाने साठा वाढतो खरा, परंतु उथळ काठ नाहीसा होतो.