उभ्या मालट्रकमधील विश्रांती : केबिन उबदार आणि थंड राखण्याचे उपाय

लांब पल्ल्याच्या मालट्रकची केबिन हे चालकाचे कामाचे ठिकाण असते, तशीच ती त्याची झोपण्याची खोलीही असते. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, म्हणजे एन-२ आणि एन-३ या श्रेणींतील ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक करणारी अधिसूचना केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. २०२५ मध्ये या तरतुदीची अंमलबजावणी सुरू झाली. ती नव्याने तयार होणाऱ्या वाहनांना लागू आहे. त्यापूर्वीचे ट्रक तिच्या कक्षेत येत नाहीत.

मात्र या यंत्रणेचा कॉम्प्रेसर सर्वसाधारणपणे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद होताच थंड हवाही बंद होते. त्यामुळे गाडी चालवताना होणारा उकाडा या नियमाने कमी होत असला, तरी उभ्या गाडीत झोप कशी घ्यावी, हा प्रश्न वेगळाच राहतो.

इंजिन चालू ठेवण्याची किंमत

इंजिन चालू ठेवून झोपणे हा सर्वांत सोपा, पण सर्वांत खर्चिक मार्ग आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार, लांब पल्ल्याचा मोठा ट्रक जागेवर उभा असताना इंजिन चालू ठेवल्यास तासाला सुमारे ३ लिटर डिझेल जळते. या हिशेबाने आठ तासांच्या झोपेसाठी सुमारे २४ लिटर डिझेल लागेल. त्याशिवाय इंजिनाची झीज, आवाज आणि धूर यांची भर पडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००८ पासून, झोपण्याची सोय असलेल्या ट्रकनाही पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ इंजिन रिकामे चालू ठेवण्यास मनाई केली आहे. कमी प्रदूषण करणाऱ्या प्रमाणित इंजिनांना यातून सूट आहे.

थंडीवरील उपाय

युरोपातील आणि उत्तर अमेरिकेतील ट्रकमध्ये डिझेलवर चालणारे छोटे हवा-तापक सर्रास वापरले जातात. ट्रकच्या टाकीतील थोडे डिझेल एका बंदिस्त कक्षात जळते. ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून घेतली जाते आणि धूरही स्वतंत्र नळीने बाहेर सोडला जातो. केबिनमधील हवा केवळ तापलेल्या धातूवरून फिरते. तिचा ज्वाळेशी किंवा धुराशी संबंध येत नाही. अशा तापकाला तासाला साधारणपणे ०.१ ते ०.३ लिटर डिझेल पुरते. पंख्यासाठी लागणारी थोडी वीज बॅटरीतून मिळते.

अतिशीत प्रदेशात इंधनाचाही विचार करावा लागतो. साधे डिझेल कडक थंडीत घट्ट होते आणि मग इंजिन व तापक दोन्ही निकामी होतात. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल उपलब्ध केले. ते उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहते.

उकाड्यावरील उपाय

थंडावा निर्माण करणे हे ऊब देण्यापेक्षा कठीण आहे, कारण त्यासाठी बरीच अधिक वीज लागते. इंजिन बंद असताना चालणारे बॅटरीवरील वातानुकूलन यंत्र सरासरी ५०० वॅट वीज घेते असे धरल्यास, २४ व्होल्टच्या व्यवस्थेत सुमारे २० अँपिअर प्रवाह लागतो. १५० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या निम्म्याच वापरायच्या ठरवल्या, तर हे यंत्र पावणेचार तास चालेल. बॅटऱ्या त्याहून अधिक रिकाम्या केल्यास त्यांचे आयुष्य घटते आणि सकाळी इंजिन सुरू न होण्याची शक्यता असते. म्हणून स्वतंत्र बॅटरी आणि ठराविक दाबाखाली यंत्र आपोआप बंद करणारी व्यवस्था आवश्यक ठरते. लिथियम बॅटरी अधिक काळ साथ देते; तिची किंमत मात्र जास्त असते.

खर्चिक यंत्राआधी करता येण्याजोगे उपायही आहेत. सावलीत गाडी उभी करणे, समोरच्या काचेवर बाहेरून आच्छादन घालणे, छताला उष्णतारोधक अस्तर लावणे आणि हवा खेळती ठेवणे यांमुळे केबिन कमी तापते. भारतातील अनेक ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या खालीच असते. त्याची उष्णता गाडी थांबल्यावरही काही काळ वर येत राहते. त्यामुळे आसनाखालचा उष्णतारोधक थर सुस्थितीत असणे महत्त्वाचे आहे.

शेगडीचा धोका

उत्तर भारतातील हिवाळ्यात बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे झोपलेल्या व्यक्तीच्या लक्षात येत नाहीत. विझत आलेले निखारेही हा वायू सोडत राहतात. गळका धूरनळ असलेल्या ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून झोपल्यास हाच धोका संभवतो. असा त्रास जाणवताच केबिनचे दरवाजे उघडून मोकळ्या हवेत येणे आणि तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक आहे.

विश्रांतीची जागा

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होती. विश्रांतीचे तास कायद्याने ठरवता येतात. झोप लागण्याजोगी जागा मात्र उपलब्ध करून द्यावी लागते. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी महामार्गांवरील काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी निवासाची सोय केली आहे. अशी सोय जेथे नाही, तेथे चालकाची रात्र केबिनमध्येच जाते. अपुऱ्या झोपेनंतर त्याच चालकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा महामार्गावर उतरायचे असते. त्यामुळे उभ्या केबिनमधील तापमानाचा प्रश्न चालकाच्या सोयीपुरता मर्यादित न राहता रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.