निकाल कुणाचा?

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात अनुदानाच्या पद्धतीवर एक शेरा आहे. मुंबई इलाख्यात त्या काळी शाळांना निकालावर पैसे मिळत. तपासनीस यायचा, परीक्षा घ्यायचा आणि मुलं जशी पास होतील तसं अनुदान ठरायचं. ज्या लोकांना शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यात ही पद्धत चालायची नाही, तिथे शाळा काढणाऱ्या मास्तराचं पोट भरणार नाही, असं फुल्यांनी बजावलं. लिहित्या-वाचत्या घरांतली मुलं घेऊन बसलेला मास्तर आणि पहिल्याच पिढीला पाटी देणारा मास्तर एकाच मापाने मोजले, तर दिसणारा फरक शिकवण्याचा की घराचा? पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतली सगळी किचकट पद्धतशास्त्रं याच प्रश्नाभोवती फिरली.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डीत ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७मध्ये काम कोसबाडला हललं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर भरवायची. याला प्रयोग म्हणत, आणि तो होताही. पण शेजारी तसाच एखादा पाडा तुलनेसाठी जाणूनबुजून तसाच ठेवावा, असा विचार त्यात नव्हता.

तो विचार मुंबईत आला कुर्ल्याच्या बाजूने. ‘प्रथम’ ही संस्था १९९४पासून मुंबईच्या वस्त्यांत काम करत होती. तिच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून वेगळं काढून रोज दोन तास वाचन-गणिताचा पाया शिकवी. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात महापालिकेच्या एल विभागात, म्हणजे कुर्ल्यात, आणि बडोद्यात याची पारख केली. कोणत्या शाळेला कोणत्या इयत्तेसाठी बालसखी मिळणार हे हुशारी, गरज किंवा मुख्याध्यापकांचा उत्साह पाहून ठरलं नाही, ते नशिबावर सोपवलं. एका गटाला एक इयत्ता, दुसऱ्याला दुसरी. त्यामुळे कुणालाही रिकाम्या हाताने परतावं लागलं नाही आणि तुलनाही शक्य झाली. मुंबईतल्या काही शाळांत बालसखी पोचल्याच नाहीत, तरी हिशेबात त्या मिळालेल्यांच्याच बाजूला धरल्या. गैरसोयीच्या शाळा गाळायला लागलं की चिठ्ठ्या टाकण्याला अर्थ उरत नाही.

पहिल्या वर्षी गुण सरासरी ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८. लाभ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांचा झाला. वर्गात उरलेल्यांना गर्दी कमी होऊनही विशेष काही मिळालं नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे ०.१ टिकलं. ही शेवटची ओळ सत्कारसमारंभात फारशी ऐकू येत नाही.

एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर केनियात सापडतं. तिथे ज्या शाळांत आधीपासून तक्ते होते त्यांचे गुण इतर शाळांपेक्षा बरेच जास्त दिसत. मग १७८ शाळांतून नशिबाने निवडलेल्या निम्म्या शाळांना तक्ते दिले. परिणाम जवळजवळ शून्य. तक्ते विकत घेणाऱ्या शाळा मुळातच वेगळ्या होत्या.

पण सरकार योजना आखताना चिठ्ठ्या टाकत नाही. १९८७च्या ‘खडू-फळा’ योजनेत एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक मिळायचा होता. नियम सर्वांना एकच, म्हणून एमी चिन या अर्थतज्ज्ञ बाईंनी आडवाट धरली. कोणत्या राज्यात अशा शाळा किती होत्या आणि योजनेच्या वेळी कोणती मुलं शाळेच्या वयात होती, या दोन फरकांवरून त्यांनी परिणाम काढला. यालाच अर्धप्रायोगिक पद्धत म्हणतात. योजना नसती तरी राज्याराज्यांतलं अंतर तसंच राहिलं असतं, हे इथे गृहीत धरावं लागतं. एल विभागात असं काही धरायची गरज नव्हती. २००५मध्ये छापलेल्या या अभ्यासात मुलींचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शिक्षकांची एकूण संख्या मात्र फारशी वाढली नव्हती. मोठ्या शाळांतले शिक्षक छोट्या शाळांत गेले होते, एवढंच.