पाणी चढत होतं आणि खिशातला रेडिओ बंद होता

जालना जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द गोदावरीच्या काठाने जाते. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांतली कित्येक गावं नदीला लागून आहेत. वर पैठणला जायकवाडीचे २७ दरवाजे, खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठण बुडालं आणि खालच्या गावांची झोप उडाली. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठची माणसं पुन्हा घरं सोडून उंचावर गेली. 'विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हा निरोप आता तहसीलमधून निघतो तो तलाठी, पोलीस पाटील, सरपंच आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरतो. भोंगा आणि दवंडी आहेच, पण भोंगा वाजवायचा कधी हेही फोनवरच कळतं. सगळा कारभार मोबाइलच्या टॉवरवर टेकलेला आहे.

टॉवर बंद पडल्यावर काय होतं, हे कोकणाने २२ जुलै २०२१ ला भोगलं. त्या दिवसाचा हिशोब मराठवाड्याने आपल्यासाठी मांडून पाहायला हवा, म्हणून हा घटनाक्रम.

२१ जुलै, संध्याकाळ

आदल्या दिवशी आषाढी एकादशी झालेली, आज बकरी ईद. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, तरी निर्बंध होतेच, त्यामुळे माणसं घरात होती. रायगड, रत्नागिरी आणि घाटमाथ्यासाठी हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता. तो फोनवर आला, टीव्हीवर आला. कोकणातल्या माणसाला जुलैतला असा इशारा नवा नसतो.

या घडीला सगळी साधनं चालू आहेत. वीज आहे, टॉवर आहे, इंटरनेट आहे. खिशात स्मार्टफोन आहे आणि त्यातल्या अनेकांच्या आत एफएम रेडिओ पकडणारा भागही आहे. वायफाय आणि ब्लूटूथ ज्या चिपवर चालतात, तिच्यातच तो बसवलेला असतो. पण बऱ्याच कंपन्या तो चालू करूनच देत नाहीत: कुठे त्याचं ॲप दिलेलं नसतं, कुठे इअरफोनची खाच काढून टाकलेली असते. इअरफोनची वायर हीच फोनमधल्या एफएमची अँटेना, म्हणजे खाच गेली की रेडिओही गेला.

२१ जुलै, मध्यरात्र

महाबळेश्वर, कोयना, पोफळीच्या डोंगरांत पाऊस थांबायला तयार नाही. तिकडचं पाणी उतरून वाशिष्ठीला मिळतं. कोयनेच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी कोळकेवाडी धरणात येतं आणि तेही पुढे वाशिष्ठीकडेच जातं. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे समुद्राला उधाणाची भरती. वरून लोंढा आणि खालून भरती यांच्यामध्ये चिपळूण.

२२ जुलै, पहाटे तीनच्या सुमारास

चिपळूणच्या सखल भागात पाणी शिरायला लागलं. ज्यांना जाग आली त्यांनी शेजाऱ्यांना उठवलं, ज्यांचे फोन चालू होते त्यांनी नातेवाइकांना फोन केले. जुन्या लोकांनी २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आठवली आणि तेवढ्या उंचीच्या वर सामान ठेवलं. या वेळी पाणी ती खूण ओलांडून जाणार होतं. ते त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. पुरात माणूस एकच प्रश्न विचारतो: अजून किती चढणार? त्याचं पूर्ण उत्तर कोणापाशी नसेलही. पण धरणातून किती पाणी येतंय, भरती कधी उतरणार, कोणता रस्ता अजून मोकळा आहे, कुठली शाळा उघडली आहे, एवढं तर प्रशासनातल्या कोणा ना कोणाला ठाऊक असतं. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला हवं आहे, त्या दोघांमधला धागा त्या पहाटे तुटला.

पहाटे पाच

शहराची वीज गेली. टॉवरला बॅटरी असते, जनित्र असतं, पण बॅटरी काही तासांची आणि जनित्राचं डिझेल पाण्यातून आणणार कोण? एकेक करून टॉवर बंद पडत गेले. फोनच्या पडद्यावर 'नो सर्व्हिस'. मुंबई-पुण्यात राहणारी मुलं घरचा नंबर फिरवत राहिली.

एफएमला यातलं काहीच लागत नाही. सिमकार्ड नको, डेटा नको, जवळचा टॉवर नको. दूरच्या एका प्रक्षेपण केंद्राला वीज असली की झालं, मग ऐकणारे १०० असोत की १ लाख, लहरी कमी पडत नाहीत. मोबाइलच्या जाळ्यात मात्र संकटाच्या वेळी सगळ्यांनी एकदम फोन लावले की चालू असलेलं जाळंही गुदमरतं. फोनची बॅटरीही रेडिओवर इंटरनेटपेक्षा कितीतरी जास्त टिकते. २० टक्के बॅटरी उरलेल्या फोनवर सबंध दिवस बातम्या ऐकता आल्या असत्या.

सकाळ

वाशिष्ठीच्या पुलाला पाणी टेकलं आणि कोकण रेल्वे थांबली. जागोजागच्या गाड्यांमध्ये सुमारे ६ हजार प्रवासी अडकले. मुंबई-गोवा महामार्ग बंद झाला. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला भिडलं.

चिपळूणच्या एसटी आगारात आगारप्रमुख आणि त्यांचे सहकारी बुडालेल्या बसच्या टपावर चढले. सोबत आगाराच्या उत्पन्नाची सुमारे ९ लाखांची रोकड होती. ती वाहून जाऊ नये म्हणून ते ती कवटाळून बसले. वरून पाऊस, खाली दहा-बारा फूट पाणी, आणि असे नऊ तास. पुढे त्यांच्या निष्ठेचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण टपावर बसलेल्या माणसाला त्या नऊ तासांत बाहेरून एक शब्द ऐकायला मिळाला असता, 'भरती उतरते आहे, बोटी निघाल्या आहेत' एवढाच, तर त्याची किंमत काय झाली असती हे त्याच्या जागी बसून बघावं.

दुपार

एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि तिथले ८ रुग्ण दगावले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या रस्त्यात होत्या. रस्ते कापले गेले होते, आणि नेमक्या कुठल्या वाडीत माणसं अडकली आहेत हे विचारायला फोन लागत नव्हता.

कोळकेवाडीतून त्या दिवशी किती पाणी आलं, ते किती वाजता सोडलं, यावर पुढे बराच वाद झाला. माळ्यावर आणि गच्चीवर बसलेल्यांपर्यंत तो आकडा त्या वेळी पोहोचणं महत्त्वाचं होतं. वादातून सापडलेल्या सत्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

दुपारी चारच्या सुमारास

उत्तरेला, रायगड जिल्ह्यात, महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पाण्याखाली होतं. त्याच तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या तळीये गावावर कडा कोसळला. ३० हून अधिक घरं गाडली गेली आणि ८० हून अधिक माणसं मेली.

महाड तालुक्याला हे नवं नव्हतं. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर असेच डोंगर आले होते. १६ वर्षांनी त्याच तालुक्यात, त्याच महिन्यात तळीये गेलं.

रेडिओ असता तर तळीये वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. दरड कोणत्या मिनिटाला सुटेल हे कुठलंच केंद्र सांगू शकत नाही. शिवाय एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या घळीत त्या पोहोचतीलच असं नाही. पण दरड पडल्यानंतरचे तास डोळ्यांसमोर आणा. शहर पाण्यात, रस्ते दरडींनी बंद, संपर्क तुटलेला. पहिली काही माणसं गावकऱ्यांनी आणि शेजारच्या वाड्यांनी हातांनी बाहेर काढली. आजूबाजूच्या डोंगरांखाली तशाच वाड्या होत्या आणि पाऊस तसाच चालू होता. 'तळीयेत कडा कोसळला आहे, डोंगराखालच्या घरांत रात्र काढू नका' ही सूचना देण्यासाठी अजून पूर्ण संध्याकाळ हाती होती.

रात्र

साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव, रत्नागिरीच्या खेड तालुक्यात पोसरे. अंधारात तिथेही डोंगर घरांवर आले. एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणी पोहोचायच्या आत दुसऱ्या ठिकाणची माणसं गाडली गेली होती. त्या दिवसातलं मला सर्वांत जास्त सलणारं हेच आहे.

२३ जुलै

सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जालन्यासारख्या जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो, यावरून काय पडलं याचा अंदाज यावा. बचाव पथकं तळीयेला पोहोचेपर्यंत दुपार झाली.

यानंतर पावणेदोन वर्षांनी, २८ एप्रिल २०२३ ला, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना एक सूचनापत्र पाठवलं: ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे ती बंद ठेवू नका, ज्यात नाही त्यात ती द्या. कारण आपत्तीतल्या पूर्वसूचनेचंच दिलं होतं. त्याच दिवशी देशात आकाशवाणीच्या ९१ नव्या एफएम प्रक्षेपकांचं उद्घाटन झालं. दिशा बरोबर होती, पण पत्र सल्ल्याचंच राहिलं. सल्ला न पाळणाऱ्या फोनची विक्री थांबत नाही, आणि दुकानात एफएम आहे का हे विचारणारं गिऱ्हाईकही विरळाच.

हाच वाद अमेरिकेतही झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोतले ९० टक्क्यांहून जास्त मोबाइल टॉवर बंद पाडले, तेव्हा तिथल्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपलला आयफोनमधला एफएम चालू करण्याचं जाहीर आवाहन केलं. कंपनीचं उत्तर होतं की नव्या आयफोनमध्ये ती सोयच ठेवलेली नाही.

२० जुलै २०२३ च्या सकाळी आपल्याकडे अनेकांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, ते आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. ही यंत्रणा चांगली आहे आणि हवीच. निजलेल्या माणसाला ती उठवते, रेडिओ ते करू शकत नाही. पण ती टॉवरवरच चालते, आणि तिचा निरोप चार ओळींचा असतो. टॉवर जायच्या आधी तिने उठवावं आणि टॉवर गेल्यावर रेडिओने सोबत करावी, अशी वाटणी शहाणपणाची आहे.

जालन्याचं भूगोलाने एक भलं केलं आहे. गोदाकाठ सपाट आहे. ज्या लहरी तळीयेच्या घळीत अडल्या असत्या, त्या अंबड ते परतूर विनासायास जातील. परभणी केंद्र आमच्या भागाने वर्षानुवर्षं मीडियम वेव्हवर ऐकलं, आणि स्मार्टफोनला मीडियम वेव्ह पकडता येत नाही. म्हणून काठावर पोहोचेल असा एफएम प्रक्षेपक हवा, त्याला स्वतःचं जनित्र हवं, आणि पुराच्या रात्री माइकसमोर इथली गावं नावानिशी ओळखणारा माणूस हवा. दिल्लीहून येणारं प्रसारण नुसतं पुढे सोडणारं यंत्र त्या रात्री मुकंच ठरेल. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण स्थानिक प्रशासनाने दिलेल्या नैसर्गिक आपत्तीच्या सूचना त्या देऊ शकतात. तेवढी मुभा नियमांत आहे, ती वापरण्याची तयारी पावसाळ्याआधी करून ठेवावी लागेल.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा जालन्यापर्यंत माणसं घराबाहेर आली. मराठवाड्याला पूर आणि भूकंप दोन्ही ठाऊक आहेत, आणि दोन्हींत आधी वीज जाते.

केंद्राने २०२३ चा सल्ला आता सक्तीचा करावा. जिल्हा प्रशासनाने गोदाकाठच्या प्रत्येक गावाला एक ठरलेली वारंवारिता पावसाळ्याआधी कळवावी आणि तिच्यावर तालीम घ्यावी. आणि वाचकहो, आज तुमच्या फोनमध्ये एफएम आहे का ते उघडून पाहा. असेल तर वायरचा एक इअरफोन घरात जपून ठेवा. नसेल तर पुढचा फोन घेताना दुकानदाराला आधी तेच विचारा, आणि तोवर सेलवर चालणारा एक रेडिओ घरात आणून ठेवा.