दुर्गंध, आरोग्य आणि नगररचना : ब्रिटिशकालीन मुंबईचा एक अभ्यास

प्रस्तावना :
शहराचा इतिहास सामान्यतः इमारती, रस्ते, व्यापार आणि लोकसंख्या यांच्या आधारे लिहिला जातो. गंध मागे अवशेष ठेवत नाही; त्यामुळे इतिहासलेखनात तो उपेक्षित राहिला. तथापि नगरवासीयांचा दैनंदिन अनुभव घडविण्यात, तसेच शहरात कोणी कोठे राहावे हे ठरविण्यात गंधाचा वाटा मोठा होता. प्रस्तुत लेखात ब्रिटिशकालीन मुंबईच्या संदर्भात याचा विचार केला आहे.

दूषित हवेची कल्पना :
कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा हेच रोगाचे कारण होय, ही धारणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपीय वैद्यकात प्रबळ होती. मुंबईत तिचा प्रत्यय त्याही आधी येतो. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याच्या प्रवासवृत्तात, माडांच्या मुळाशी घातल्या जाणाऱ्या मासळीच्या खताची दुर्गंधी बेटाच्या रोगटपणाला कारण मानली जात असल्याची नोंद आहे. ज्या गंधात इंग्रजांना मृत्यू दिसला, तोच मासेमारी व माडांची बागायत करणाऱ्यांच्या चरितार्थाचा भाग होता. दुर्गंध म्हणजे काय, हे नाकाइतकेच सत्तेनेही ठरविले, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुर्गंधाचे स्थलांतर :
1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या कारकिर्दीत शहरातील कत्तलखाने वांद्र्यास हलविण्यात आले. कातडी कमावण्याचा धंदा पुढे धारावीत एकवटला. 1906 मध्ये शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी कुर्ला-चेंबूर लोहमार्ग टाकण्यात आला. अशा प्रकारे दुर्गंध नष्ट झाला नाही. तो शहराच्या सीमेकडे सरकत गेला. मैला वाहण्याचे काम मात्र हलविता येण्याजोगे नव्हते. ते हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगारांवर सोपविले गेले. या सेवेसाठी नगरपालिका घरमालकांकडून 'हलालखोर कर' घेत असे. जातिव्यवस्थेने पूर्वीच लादलेल्या कामाला नगरप्रशासनाने अशी कायदेशीर चौकट दिली.

प्लेग आणि शहर सुधारणा :
सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेगच्या जंतूचा शोध 1894 मध्येच हाँगकाँग येथे लागला होता. तरीही प्रशासनाने गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक आम्लाने धुण्यावर भर दिला. जंतू मान्य झाला, पण घाण आणि कोंदट हवा यांविषयीचे जुने भय गेले नाही. पिसवेद्वारे होणाऱ्या प्रसाराचे प्रतिपादन पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये केले. त्याच वर्षी 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली. समुद्रावरील वारा दाट वस्तीत खेळावा, हा प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड या रुंद रस्त्यांमागील एक हेतू होता. रस्ते झाले, वारा आला. परंतु पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली. विस्थापित कुटुंबे जवळच्याच चाळींत दाटीवाटीने राहू लागली. ज्या कोंदटपणाविरुद्ध ही मोहीम होती, तो अशा रीतीने शेजारच्या गल्लीत पुन्हा निर्माण झाला.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, मुंबईच्या आरोग्यविषयक सुधारणांनी अनेकांचे जीवन सुसह्य केले. मात्र त्यांची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. 1927 मध्ये देवनार येथे कचराभूमी सुरू झाली आणि 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखानाही देवनारला गेला. शहर वाढत गेले, तशी दुर्गंधाची सीमाही पुढे सरकली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 आणि पुन्हा 2013 मध्ये कायदा करावा लागला, यावरून तो वारसा किती खोलवर रुजला होता हे ध्यानात येते. शहर किती स्वच्छ झाले, या प्रश्नाबरोबरच त्याची घाण कोणाच्या दारी गेली, हा प्रश्नही नगर-इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे.