नदीचं पाणी सगळीकडे सारख्याच वेगाने वाहिलं तर काय बिघडतं?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा कुठे खडकांवरून खळाळते, तर कुठे डोहात थबकते. माशांना दोन्ही लागतं.

खळाळत्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जास्त मिसळतो. दगडांवर गाळ साचत नाही, त्यामुळे तिथे शेवाळ आणि किड्यांच्या अळ्या वाढतात. हेच अनेक माशांचं खाद्य. उन्हाळ्यात धार आटली की मासे खोल डोहात तग धरतात. पावसाळ्यात पाणी चढलं की रोहू, कटला यांचा विणीचा हंगाम सुरू होतो.

चामोर्शीजवळच्या चिचडोहसारख्या बॅरेजमुळे शेतीला पाणी मिळतं. पण अडवलेलं पाणी संथ होतं, गाळ तळाशी बसतो, खळाळ बुडतात आणि माशांची वरची वाट अडते. म्हणून नदीवर पोट असलेल्या ढिवर मच्छीमारांसाठी पात्रात पाणी किती, याइतकंच ते कसं वाहतं हेही महत्त्वाचं आहे.