प्रत आहे, पण ती उघडून पाहिली आहे का?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडल्या गेलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा झाली. शिक्षणसंस्था, संग्रहालये, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हा तिचा उद्देश. बातमी आनंदाचीच होती. ताडपत्राची छबी एकदा संगणकात गेली की ते सुरक्षित झाले, असा आपला समज असतो. परंतु ज्या संगणकावर ही छबी ठेवली, तोच एके सकाळी सुरू झाला नाही तर? यंत्र धडधाकट आहे, तबकडी शाबूत आहे, माहितीही जागेवर आहे. फक्त ‘आपण कोण, आपल्याला काय जोडलेले आहे, कुठून सुरुवात करायची’ हेच यंत्र विसरले आहे. या विस्मृतीचा आणि तिच्यावरील उताऱ्याचा इतिहास पाहायचा, तर सुरुवात मैसूरपासून करणे सोयीचे ठरते.

मैसूर संस्थानाने १८९१ साली प्राच्य ग्रंथालय स्थापन केले. आज ते प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तंजावर भागातील एका पंडिताने तेथे ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री पोथी आणून दिली. ग्रंथालयातील विद्वान रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ती वाचली आणि ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची प्रत असल्याचे ओळखले. या ग्रंथाचे उल्लेख जुन्या साहित्यात विखुरलेले होते, पण पूर्ण संहिता विद्वानांच्या हाती नव्हती. १९०५ पासून शामशास्त्रींनी भाषांतराचे भाग प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, १९०९ साली मूळ संहिता छापली आणि १९१५ साली संपूर्ण इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने आणले. पोथी ग्रंथालयात आली एवढ्याने काहीच घडले नसते. कोणीतरी ती उघडली आणि वाचली, तेव्हा ग्रंथ परत मिळाला.

योगायोग असा की याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात ‘अक्षपटल’ या खात्याचे वर्णन आहे. अक्षपटल म्हणजे राज्याचे हिशेब आणि दप्तर सांभाळणारी कचेरी. तेथे निबंधपुस्तके, म्हणजे नोंदवह्या, ठेवण्यासाठी स्वतंत्र जागा असावी, असे कौटिल्य सांगतो. राज्याची खाती किती, त्यांची कामे कोणती, कोणत्या देशात, गावात, कुळात कोणते धर्म आणि रूढी चालतात, हे सारे त्या वह्यांत उतरवायचे. नोंद क्रम सोडून, न कळेल अशी किंवा दोनदा लिहिणाऱ्याला बारा पणांचा दंडही त्याने सांगून ठेवला आहे. वही बिघडली की राज्याला स्वतःविषयीचे ज्ञानच उरत नाही, हे त्याने ओळखले होते.

आपल्या संगणकातही असे एक अक्षपटल असते. विंडोज प्रणालीत त्याला रजिस्ट्री म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थही नोंदवहीच. कोणता छापयंत्राचा ड्रायव्हर बसवला आहे, कोणती सेवा आधी सुरू करायची, वापरणारे कोण, त्यांचे परवलीचे शब्द कोणत्या रूपात ठेवले आहेत, कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, अशा असंख्य नोंदी तिच्यात असतात. सुरुवातीला या नोंदी ‘आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत विखुरलेल्या होत्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीचे छोटे रूप आले, १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये ती पूर्णत्वास गेली आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ बरोबर ती घरोघरी पोहोचली.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्याने कारभार सुटसुटीत झाला. पण धोकाही एकवटला. पूर्वी एक आयएनआय फाइल बिघडली तर बहुधा एखादा प्रोग्रॅम अडे. आता नोंदवही बिघडली तर अख्खे यंत्र अडू लागले. म्हणून विंडोज ९५ ने एक सोय केली. यंत्र यशस्वीपणे सुरू झाले की दोन मुख्य फायलींची प्रत आपोआप काढून ठेवायची; पुढच्या खेपेस मूळ फाइल बिघडलेली आढळली तर त्या प्रतीवरून ती पूर्ववत करायची. कल्पना चांगली होती, पण प्रत एकच होती. एखादी चुकीची नोंद पडूनही यंत्र कसेबसे सुरू झाले, तर ती चूकच प्रतीत उतरे आणि कालची निर्दोष प्रत पुसली जाई. एनटीच्या ‘शेवटची ज्ञात चांगली स्थिती’ या सोयीतही अशीच मेख होती: वापरणाऱ्याने यंत्रात यशस्वी प्रवेश केला की चालू स्थितीलाच ‘चांगली’ मानले जाई. बिघाड प्रवेशानंतर लक्षात आला, तर परतीची वाट बंद झालेली असे.

यातून धडा घेऊन १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये रजिस्ट्री तपासनीस आला. तो यंत्र सुरू होताना नोंदवही तपासे, दिवसातून एकदा तिची दाबून लहान केलेली प्रत काढी आणि अशा पाच प्रती राखून ठेवी. आज बिघाड झाला, कालच्या प्रतीतही तो शिरला, तरी परवाची प्रत हाताशी असे. पुढे २००० साली विंडोज मिलेनियममध्ये आणि २००१ साली एक्सपीमध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही अधिक व्यापक सोय आली. एका प्रतीकडून अनेक पिढ्यांच्या प्रतींकडे असा हा प्रवास झाला.

दुसरी सुधारणा अधिक सूक्ष्म होती. नोंदवहीची फाइल बिघडते ती प्रामुख्याने लिहिता लिहिता. पान अर्धे लिहून झाले आणि वीज गेली, तर जुनी नोंदही धड राहत नाही आणि नवीही पूर्ण होत नाही. म्हणून बदल आधी एका वेगळ्या रोजकीर्दीत लिहायचे आणि मग मूळ फायलीत उतरवायचे, अशी पद्धत ठेवलेली आहे. शिवाय प्रत्येक फायलीच्या माथ्यावर दोन क्रमांक असतात. लिहायला सुरुवात करताना पहिला क्रमांक एकाने वाढतो, लिहून संपले की दुसरा. दोन्ही सारखे असतील तर नोंद पूर्ण आहे. वेगळे असतील तर मध्येच काही तुटले आहे. असे आढळले की यंत्र रोजकीर्द उघडून राहिलेले काम पुरे करते. दुकानातला जुना मुनीम कच्च्या वहीवरून पक्की वही लिही, तसाच हा प्रकार.

आणि मग या इतिहासातले सर्वांत बोधप्रद वळण येते. व्हिस्टापासून पुढे विंडोज ठरावीक काळाने मुख्य नोंदवह्यांच्या प्रती ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरात आपोआप ठेवत असे. यंत्र सुरू होईना की जाणकार दुरुस्तीच्या पडद्यावर जात, बिघडलेल्या फायलीचे नाव बदलत आणि रेगबॅकमधली प्रत तिच्या जागी ठेवत. काही मिनिटांत यंत्र उठून बसे. २०१८ साली विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती आली आणि त्यानंतर लोकांना त्या फोल्डरात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. फायली होत्या, नावे बरोबर होती. पण प्रत्येकीचा आकार शून्य होता. प्रत काढण्याचे नियोजित काम मात्र ‘यशस्वी’ झाल्याची नोंद करीत होते. हा दोष असावा असे अनेकांना वाटले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले की हा बदल हेतुपुरस्सर आहे. विंडोजने व्यापलेली तबकडीवरील जागा कमी करण्यासाठी ती सोय थांबवली आहे आणि त्याऐवजी सिस्टिम रिस्टोअर वापरावे.

निर्णयाचे समर्थन करता येईल. पण मधल्या काळात ज्यांनी त्या फोल्डरावर भिस्त ठेवली होती, त्यांना संकटाच्या क्षणी रिकाम्या वह्या मिळाल्या. पोथीचे वेष्टन जागेवर, नावाची चिठ्ठी जागेवर, आत पाने नाहीत! फोल्डर एकदा उघडून फायलींचा आकार पाहिला असता, तर हे आधीच कळले असते.

हे केवळ घरगुती यंत्रांपुरते नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. रुग्णांची नोंदणी, दाखला, सुट्टी सारे कागदावर आले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. ती नव्या सर्व्हरांवर उतरवून बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. येथे प्रत होती, ती वेगळ्या जागी होती आणि ती वाचता आली. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्याने रुग्णांच्या नोंदी वाचल्या.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग याहून निराळा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे आणि ती एक फाइल काढून टाकायची. पण कित्येक यंत्रांच्या तबकड्या सुरक्षेसाठी कुलूपबंद होत्या आणि त्यांना ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली लागत होती. काही कार्यालयांत त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच सर्व्हर निळ्या पडद्यावर होता. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार.

आता पुन्हा मैसूरच्या पोथीकडे वळू. एका प्रतीवर सर्व भार टाकण्यातला धोका अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही जाणवला होता. पुढे त्रिवेंद्रमला मल्याळम लिपीतील पोथ्या मिळाल्या आणि गणपतिशास्त्रींनी १९२४-२५ मध्ये त्यांच्या आधारे आवृत्ती काढली. म्यूनिकला एक प्रत होती. पाटणच्या जैन भांडारात एक अपुरा अंश सापडला. हे सारे पाठ ताडून पाहून मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती प्रा. र. पं. कंगले यांनी, तिचे तीन खंड १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या लिपींत, निरनिराळ्या हातांनी उतरलेल्या प्रतींतल्या चुकाही निरनिराळ्या असतात. म्हणूनच एकीच्या आधारे दुसरी सुधारता येते. एकाच तबकडीवरच्या पाच प्रती हे काम करू शकत नाहीत, कारण तबकडी गेली की पाचही एकदम जातात.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. संपादक चार पोथ्यांतले चांगले पाठ निवडून एक संहिता उभारू शकतो. नोंदवहीच्या बाबतीत अशी सरमिसळ घातक ठरते. एका तारखेची एक फाइल आणि दुसऱ्या तारखेची दुसरी जोडली, तर एकीत नोंदलेला ड्रायव्हर वा प्रोग्रॅम दुसरीला ठाऊकच नसतो. म्हणून प्रती शक्यतो एकाच वेळच्या घ्याव्यात. जुन्या प्रतीबरोबर त्या दिवसाचा परवलीचा शब्दही परत येऊ शकतो, हेही विसरू नये. आणि बिघडलेली फाइल कधीही पुसू नये, नाव बदलून बाजूला ठेवावी. जाणकाराला तिच्यातूनही बरेच काही वाचवता येते.

तेव्हा हे वाचून झाल्यावर पाच मिनिटे काढा. आपल्या यंत्रावर सिस्टिम रिस्टोअर चालू आहे का, ते पाहा; अनेक यंत्रांवर ते बंदच असते. रेगबॅकची जुनी सोय हवी असल्यास रजिस्ट्रीत ‘एनेबल पिरिऑडिक बॅकअप’ ही नोंद १ करून ती आजही सुरू करता येते. पण काही दिवसांनी त्या फायलींचा आकार पाहायला विसरू नका. तबकडीला कुलूप असेल तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून त्या यंत्रापासून दूर ठेवा. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या यंत्रावर असू द्या आणि वर्षातून एकदा तरी ती तेथे खरोखर उघडून पाहा.

एक कोटी हस्तलिखिते उद्या संगणकात जातील. त्यांच्या प्रती काढल्या जातील, त्या प्रतींच्याही प्रती निघतील आणि पडद्यावर ‘काम यशस्वी’ अशी नोंद उमटेल. मैसूरच्या ग्रंथालयात पोथी वेष्टनातून काढून वाचायला बसलेला एक माणूस होता. प्रत्येक संग्रहाला, प्रत्येक कार्यालयाला आणि प्रत्येक घरालाही असा एक माणूस लागतो.